गाडी गरम झाल्यावर

गाडी विकायची हे ठरलं होतं. आता फक्त तो पिवळा दिवा विझायचा होता.

प्राचीच्या ऑफिसातला यशोधन संध्याकाळी गाडी बघायला येणार होता. त्याला ती बायकोसाठी हवी होती. गाडी जुनी आहे, दारावर ओरखडे आहेत, एसी उन्हाळ्यात कुरकुरतो, हे सगळं त्याने ऐकून घेतलं होतं आणि एकच अट घातली होती. "तो इंजिनवाला दिवा तेवढा बंद करून दे. बायको दिवा बघून बसायचीच नाही." म्हणून प्राचीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळी गाडी मल्हारगंजात भूषणच्या गॅरेजवर आणली. शेजारच्या सीटवर तिचे वडील बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"तुम्ही कशाला येता? ऊन आहे," ती घरून निघताना म्हणाली होती.

"हँडिंग-टेकिंग आहे," चांगदेव म्हणाले होते. "गाडी देताना ड्रायव्हर हजर लागतो."

चांगदेवांची सगळी नोकरी फौजेचे ट्रक चालवण्यात गेली. त्यांचे वडील महूच्या छावणीत शिपाई होते आणि आजोबाही तिथेच. चांगदेवांनी बंदुकीपेक्षा स्टिअरिंग जास्त धरलं. जोशीमठ, तेजपूर, लेह, जिथे पाठवलं तिथे माल पोचवला. निवृत्त होऊन इंदूरला घर बांधलं, ही पांढरी गाडी घेतली, आणि वयाची पंचाहत्तरी ओलांडली तरी बायकोला, कांताबाईंना, दवाखान्यात नेणं, भाजी आणणं, एप्रिलात जयंतीला जुन्या सोबत्यांना महूला घेऊन जाणं हे सगळं तेच करत. महिन्यापूर्वीपर्यंत.

महिन्यापूर्वी बडा गणपतीच्या चौकात गाडी त्यांच्या हातून एका टरबुजाच्या ठेल्यावर गेली. जोर फार नव्हता. ठेला आडवा झाला, टरबुजं रस्ताभर गडगडली, ठेलेवाल्याचा घोटा सोलवटला. माणसं जमली. कोणी शिवी दिली नाही, उलट एकाने चांगदेवांना पाणी दिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "दादाजी, अब घर बैठो." प्राची पोचली तेव्हा ते फुटपाथवर बसले होते आणि तिला पाहून एवढंच म्हणाले, "ब्रेक दगड झाला होता. पाय ब्रेकवरच होता माझा."

आता यात प्राचीची एक अडचण होती. ती विजय नगरात एका विमा कंपनीत, मोटारींच्या दाव्यांच्या टेबलावर बसायची. ब्रेक लागला नाही, हे वाक्य तिच्या टेबलावरून रोज जायचं. तरण्याबांड पोराने मोबाइल बघत कोणाला ठोकलं तरी ब्रेक लागलेला नसायचा, आणि दारू पिऊन दुभाजकावर चढलेल्या माणसाचाही लागलेला नसायचा. सर्व्हेयर गाडी बघायचा, ब्रेक ठीकठाक असल्याचं कळवायचा, प्राची पुढचा कागद ओढायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर ते वाक्य तिच्या कानावर पडायचंच बंद झालं होतं. ते वडिलांच्या तोंडून आलं तेव्हा तिला राग आला नाही, वाईट वाटलं. बाबाही तेच म्हणाले, एवढंच तिच्या मनात आलं.

तरी तिने आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत नेली, दोन-चारदा करकचून ब्रेक मारले आणि परत आली. ब्रेक लोण्यासारखा होता.  चावी खुंटीवर टांगायची ती आपल्या पर्समध्ये टाकली. चांगदेवांनी ते बघितलं. 

तेव्हापासून कांताबाईंना गुडघ्याच्या फिजिओथेरपीला प्राची नेत होती, सकाळी ऑफिसच्या आधी, गाडी आणि रस्ते दोन्ही थंड असताना. येताना भाजी आणत होती. औषधं, गॅसचा नंबर, बँक, सगळं तिच्याकडे आलं. हैदराबादहून तिचा भाऊ स्वप्निल फोनवर सांगायचा, "विकून टाक ना यार ती गाडी. बाबा बघत बसतात तिच्याकडे, म्हणून जास्त त्रास होतो त्यांना." रिक्षा करू, कॅब मागवू, असं म्हणून प्राची शेवटी हो म्हणाली. खरं तर विचार करायचाही कंटाळा आला होता.

भूषणचं गॅरेज म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक शटर आणि शटरपुढे दोन गाड्यांची जागा. भूषण चाळिशीचा, बोलघेवडा, सदा तोंडात बडीशेप.

"या या, प्राचीदीदी. काका पण? वा! बैठो काका, बाकड्यावर बैठो, उन्हात नको." त्याने दार उघडलं, चावी फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघून थबकला. "अरे, हे काय लावलंय?"

जिथे इंजिनाचं चित्र उजळायला हवं तिथे काचेवर मरून रंगाची एक मोठी टिकली चिकटवलेली होती. तिच्या कडेने पिवळा उजेड येत होता.

"आईने लावली," प्राची म्हणाली. "तो दिवा तिच्या डोळ्यात खुपायचा. भूषण बोलला ना चालेल म्हणून, मग बघायचा कशाला, म्हणे."

भूषण हसत सुटला. "भिया, इंजिनाला कुंकू लावलेलं पहिल्यांदा बघितलं! अरे मी बोललो होतो चलने दो, पण इतकं पण चलने दो नव्हतं बोललो." त्याने नखाने टिकली काढली आणि खांबाला चिकटवली. मग जरा ओशाळून म्हणाला, "मागच्या वेळी मी तो आयडलिंगचा व्हॉल्व्ह बदलला होता. दिवा गेला होता ना तेव्हा?"

"आठवड्याने परत आला," बाकड्यावरून चांगदेव म्हणाले. "मी सांगायला आलो होतो. तू म्हणालास सेन्सरचा नखरा आहे."

"हो काका, बोललो असेन," भूषण म्हणाला आणि स्कॅनर आणायला आत गेला.

स्कॅनर म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. तिची वायर त्याने स्टिअरिंगखाली जोडली, पडद्यावर बोट फिरवलं आणि वाचलं. "तेच आहे. आयडलिंग जास्त. गाडी उभी असते तेव्हा इंजिनाने जितकं फिरायला पाहिजे, त्याच्यापेक्षा जास्त फिरतंय. कुठून तरी फालतू हवा आत जातेय, नाही तर कंप्युटर येडा झालाय." त्याने प्राचीकडे पाहिलं, आवाज उतरवला. "शाम को गिऱ्हाईक येणार ना? एक काम करू. कोड मिटवून देतो. एका मिनिटात दिवा बंद."

"परत कधी लागेल?"

"आज तर नाही लागणार. उद्या-परवा... ते त्याचं नशीब."

 हो म्हणायला तिची जीभ तयार होती. हो म्हटलं की ती घरी जाऊन तासभर पडू शकत होती. यशोधन रोज समोर भेटणार, हा विचार आला, पण तोही फार जोरात आला नाही. दिवे सगळ्याच जुन्या गाड्यांचे लागतात.

"तो काय म्हणतोय?" चांगदेवांनी विचारलं.

"दिवा नुसता मिटवू का विचारतोय."

"नाही." ते बसल्या जागेवरून हलले नाहीत. "खोट झाकून गाडी देत नाहीत. सापडली तर दुरुस्त करायची, नाही सापडली तर सांगून द्यायची."

"लो," भूषण म्हणाला. "सीओ साहेबांची ऑर्डर आली." आणि त्याने बॉनेट उघडलं.

फालतू हवा शोधायची भूषणची रीत साधी होती. कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा डबा घ्यायचा, इंजिन चालू ठेवायचं, आणि एकेका पाइपच्या तोंडाशी, जोडाशी थोडा थोडा फवारा मारायचा. जिथे भेग असेल तिथून फवारा हवेबरोबर आत ओढला जातो, आणि इंजिनाचा आवाज तेवढ्यापुरता बदलतो. त्याने डावीकडून सुरुवात केली, कान लावून, डोळे बारीक करून. एक पाइप, दुसरा पाइप, मोठा काळा भोंगा, त्याखालची रबरं. इंजिन एका सुरात घुमत राहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ठंडी गाडी शरीफ असते. गरम होऊ द्या तिला."

त्याने एसी लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि समोरच्या टपरीला हाताने चहाची खूण केली. गल्लीतून हातगाड्या, स्कूटर, मध्येच एक लोडिंग रिक्षा असं काहीबाही कोंबून कोंबून जात होतं. चांगदेवांनी डिकी उघडायला लावली. आतून त्यांनी जॅक, हँडल, चाकाचा पाना काढला आणि बाकड्यावर एक फडकं पसरून त्यावर ओळीने मांडला. सगळं तेल लावून पुसलेलं होतं. अकरा वर्षांत त्या जॅकला गंजाचा ठिपका लागला नव्हता.

"काका, गाडी विकताय का दहेज देताय?" भूषण म्हणाला. "आजकाल कोण बघतो जॅक?"

"घेणारा बघत नसेल. देणाऱ्याने दाखवायचा असतो."

"मग दुसरी घ्या एखादी छोटी. ऑटोमॅटिक. क्लचची झंझटच नाही."

चांगदेवांनी कट चहाचा ग्लास ओठाला लावला. "मला गाडी नाही मिळत आता," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. दुकानात माल संपला असं सांगावं तसं ते म्हणाले. प्राचीने आपल्या चहात बघितलं.

चहा संपेस्तोवर रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला. आता इंजिनाचा सूर चढला होता. कोणी न दाबता ते पेडल दाबल्यासारखं फिरत होतं, उतरत होतं, पुन्हा चढत होतं. प्राची बॉनेटपाशी गेली आणि तिला एक बारीक आवाज ऐकू आला. सिलिंडरवर रेग्युलेटर नीट बसला नाही की येतो तसा. स्स्स. इंजिनाच्या घरघरीच्या वरच्या अंगाने, पण स्पष्ट.

"हा आवाज कसला?"

भूषणने मान तिरकी केली. "है तो! काका, ऐकलं?"

चांगदेव उठून आले. त्यांनी बॉनेटखाली वाकून उजव्या कानामागे हात धरला, मग डावा कान पुढे केला. "टॅपेट थोडे वाजतात," ते म्हणाले. "ते आधीपासून आहेत."

"ते नाही बाबा. स्स असा. बारीक."

ते बराच वेळ वाकून होते. मग सरळ झाले. "इथे काही आवाज नाही," ते म्हणाले, आणि दोघांच्या तोंडाकडे एकदा बघून पुन्हा बाकड्यावर जाऊन बसले. प्राचीला घरचा टीव्ही आठवला, ज्याचा आवाज कमी करा म्हणून आई सारखी ओरडायची. तिने त्यावर कधी दोन मिनिटं खर्च केली नव्हती.

भूषण आता आवाजाच्या मागावर होता. इंजिनाच्या मागच्या बाजूने एक बोटभर जाडीचा पाइप ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या मोठ्या काळ्या डब्याकडे जात होता. त्याच्या इंजिनाकडच्या टोकाला प्लास्टिकचा कोपरा होता. भूषणने तिथे फवारा मारला. इंजिन अडखळलं, ठसकल्यासारखं झालं, पुन्हा पळालं. त्याने फवारा ठेवला आणि त्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला अंगठा दाबला. स्स बंद झाला. इंजिन उतरलं आणि गुमान फिरू लागलं.

"मिल गई!" तो म्हणाला. मग लगेच त्याचं हसू गेलं. तो पाइप कुठे जातो, तिकडे त्याने नजर नेली. अंगठा काढला. "दीदी, जरा आत बसा. ब्रेक दाबा."

प्राची बसली आणि तिने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल हललं नाही. तिने जोर लावला. जरासं गेलं आणि थांबलं. तिने सीटला पाठ रेटून सगळं अंग त्या पायावर टाकलं. भिंतीला पाय लावून उभं राहावं, तसं वाटलं.

"दाबून ठेवा. सोडू नका," बॉनेटमागून भूषण ओरडला. "आता अंगठा लावतो."

आणि तिच्या पायाखाली ते पेडल आपोआप, मऊपणे खाली गेलं.

भूषण खिडकीशी आला. "इंजिन हवा ओढतं ना, ती ओढ या पाइपातून ब्रेकला मिळते. त्या ओढीच्या जोरावर आपण पाय ठेवला की गाडी थांबते. भेगेतून ओढ निघून गेली, की ब्रेक राहतो पण ताकद सगळी माणसाची. थंड असताना प्लास्टिक मिटलेलं असतं, काही कळत नाही. गरम झालं की तोंड उघडतं."

"म्हणजे सकाळी लवकर..."

"सकाळी एकदम फर्स्ट क्लास लागणार."

प्राचीने इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिली. दगड, असं ते म्हणाले होते. नेमका शब्द. त्या दिवशी ते महूहून येत होते, दुपारी, भर गर्दीत. गाडी तापलेली असणारच. आणि तिने सकाळच्या थंड गाडीचे ब्रेक मारून निकाल दिला होता. ऑफिसात तिने हा सर्व्हे मान्य केला असता का? केला असता. रोजच करते.

"दीदी, इकडे या जरा," भूषण हलक्या आवाजात म्हणाला.

त्याने तो पाइप काढला होता. प्लास्टिकच्या कोपऱ्याला, जिथे तो वळतो तिथे, केसासारखी भेग होती आणि तिच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या. "हे उष्णतेने झालं नाही नुसतं," तो म्हणाला. "वाकवून वाकवून झालंय. हे बघा." पाइपवर बाकी धुळीचा थर होता, पण कोपऱ्याजवळ एक जागा चकाकत होती, रुपयाएवढी. मग त्याने बॉनेटमधले दुसरे पाइप दाखवले. प्रत्येकावर, टोकाजवळ, तशीच एक चकाकती जागा. "कोणीतरी रोज हात लावतं. माझ्या गॅरेजवर तर नाही लागत एवढा."

प्राचीला कोण ते विचारावं लागलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याकडे बघत नव्हतं, जसं कोणी घड्याळाच्या टिकटिकीकडे बघत नाही. सकाळचा चहा झाला की चांगदेव अंगणात जाऊन बॉनेट उघडायचे. तेलाची पट्टी काढून बघायची, पाणी बघायचं, पट्टा बोटाने दाबायचा, आणि मग एकेक पाइप धरून त्याला एक झटका द्यायचा. पकड बघायची. फौजेत त्याला फर्स्ट परेड म्हणत. गाडी बाहेर काढणार असो वा नसो, परेड व्हायची. संध्याकाळी गाडी आली की पुन्हा एकदा, लास्ट परेड. ट्रकचे ते पाइप मनगटाएवढे जाड रबराचे, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले. त्यांना झटका दिला तर त्यांचं काही बिघडत नव्हतं. हे प्लास्टिक होतं आणि इंदूरचे अकरा उन्हाळे त्याने इंजिनाला चिकटून काढले होते.

"काकांना नका सांगू," भूषण म्हणाला. "उंदीर म्हणू. उंदराने कुरतडलं. आमच्या गल्लीतल्या उंदरांचं नाव आधीच खराब आहे, अजून थोडं झालं तर त्यांना काय?"

प्राचीला तो आवडला त्या क्षणी. तिने पाइप हातात घेतला. उंदीर म्हटलं तर बाबा उद्या सकाळी नव्या पाइपला दुप्पट झटका देतील, उंदराचे दात शोधत. खरं सांगितलं तर... तिला पुढचं सुचेना. एवढंच कळलं की यातलं एक वाक्य उशीर न करता सांगायला हवं, बाकीचं बघू.

ती बाकड्यापाशी गेली. चांगदेव जॅक पुन्हा फडक्यात बांधत होते.

"बाबा, ब्रेक लागत नव्हता. तुमचं खरं होतं."

त्यांनी मान हलवली. किती वाजले हे कोणी सांगितल्यावर हलवावी तशी. "काय होतं?"

"हा पाइप. इथे चिरलाय. गरम झाला की उघडतो. मी सकाळी चालवून पाहिली होती ना, म्हणून मला..."

"बघू."

त्यांनी पाइप हातात घेतला, उजेडाकडे धरला. भेग बघायला तो वळवला, आणि त्यांचा अंगठा त्या चकाकत्या जागी जाऊन बसला. बरोबर बसला. खालून दोन बोटं आली. पुढे व्हायचं ते झालं नाही. मनगट वळायला लागलं आणि थांबलं. ते आपल्याच हाताकडे बघत राहिले. नंतर पाइप त्यांनी हळूच गुडघ्यावर ठेवला.

 भूषण शटरच्या आत उगाच काही शोधत होता.

"मोठा होता का आवाज?" चांगदेवांनी विचारलं.

"कुठला?"

"तुम्ही दोघं म्हणत होता तो."

 "बऱ्यापैकी. गॅसच्या रेग्युलेटरसारखा."

"गरम झाल्यावर येतो?"

"हो."

"गरम गाडी मी संध्याकाळी उघडतो, इंजिन चालू ठेवून," ते म्हणाले. "रोज. तोंड असं पाइपवर असतं." त्यांनी हात नाकापासून वीतभर अंतरावर धरून दाखवला. मग तो हात खाली आणला. "भूषण!"

"हां काका."

"नवीन पाइप आहे?"

"मागच्या गल्लीत दुकान आहे, आत्ता आणतो. ओरिजिनल आणू ना?"

"ओरिजिनल. क्लिपपण नवीन. आणि सकाळी मग काय करायचं? पकड कशी बघायची?"

भूषणने प्राचीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "काका, बघायचं. फक्त डोळ्याने. हात नाही लावायचा."

"डोळ्याला पकड दिसत नाही."

"आता या गाड्यांना नाही झेपत तुमचा हात. खरं सांगू? आमचापण नाही झेपत."

 चांगदेवांनी जॅकची गाठ मारली.

पाइप बसवला. गाडी पुन्हा तापवली. भूषणने सगळीकडे फवारा मारला, इंजिनाने सूर सोडला नाही. स्कॅनरवरचा कोड मिटवला, दिवा गेला, आणि तापल्या गाडीतही गेलेलाच राहिला. प्राचीने ब्रेक दाबून पाहिला. तेवढ्यात यशोधनचा फोन आला.

"गेला का दिवा?"

"गेला."

"बढिया! मग सहाला येतो. ईशाला पण आणतो, तीच चालवणार ना."

"यशोधन, ऐक ना. गाडी नाही विकायची."

"अरे यार! मी तिला सांगून बसलोय. झालं काय? दिवा गेला म्हणतेस."

"दिवा गेला. बाबांना लागणार आहे गाडी."

"ते तर चालवत नव्हते ना आता?"

"चालवतील," ती म्हणाली. सॉरी म्हणून तिने फोन ठेवला. ठेवताना तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात स्वार्थ होता हेही तिला कळलं. उद्या सकाळी आईला फिजिओला बाबा नेतील. भाजी बाबा आणतील. ती सात वाजेपर्यंत झोपेल, निदान एक दिवस.

तिने गाडीची चावी काढून घेतली, जी महिनाभर तिच्या पर्समध्ये राहिली होती, आणि वडिलांपुढे धरली. "घ्या. घरी तुम्हीच न्या."

चांगदेव उभे होते. त्यांनी चावीकडे बघितलं. हात खिशातून निघाला नाही.

"ठेव तुझ्याकडे."

"बाबा, तुमची चूक नव्हती. सापडलं ना आता."

"ब्रेक नव्हता, ते सापडलं." त्यांनी गाडीकडे हनुवटी केली. "दुसरंही सापडलं. कानाचा रिपोर्ट येऊ दे. फौजेत मेडिकलमध्ये शंका निघाली तर फिटनेसची कॅटेगरी ठरेपर्यंत ड्रायव्हरला गाडी देत नाहीत. मीच काढून घेतल्यात चाव्या, लोकांच्या. पोरं रडायची."

"इथे कोण बघतंय कॅटेगरी?"

"मी."

"बाबा, मशीन लावतील कानाला, बास. तोवर हळू चालवा. मी सांगते ना."

"महिन्याभरापूर्वी सांगितलं असतंस तर घेतली असती," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नुसता हिशेब, हे तिला कळलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे. "चल, भूषणची जागा सोडू आपण. कट मारून निघ, मागे रिक्षा आहे."

ते डाव्या बाजूला जाऊन बसले आणि पट्टा लावला. प्राची क्षणभर तशीच उन्हात उभी राहिली. महिनाभराचा थकवा उतरेल म्हणून तिने खांदे सैल सोडले होते, ते तिला पुन्हा उचलावे लागले. मग तीही बसली. भूषणने शिट्टी मारून गल्लीतली वाहतूक अडवली, हाताने मागे मागे केलं आणि बॉनेटवर थाप द्यायला उचललेला हात अर्ध्यात खाली घेतला.

रस्त्याला लागल्यावर पहिल्याच गर्दीत तिने मघाच्या त्या दगडी पेडलच्या धाकाने ब्रेकवर जोर दिला. गाडी जागच्या जागी थबकली, दोघेही पुढे झुकले. मागच्याने हॉर्न दिला.

"हळू," चांगदेव म्हणाले. "एवढा नाही लागत."

"हो."

दोन सिग्नल मागे पडले. मग त्यांनी विचारलं, "कानवाला डॉक्टर कधी बसतो?"

"शनिवारी जाऊ."

"शनिवारी आईचं फिजिओ आहे."

"मग शुक्रवारी संध्याकाळी. मी ऑफिसातून येते, मग निघू."

"तुला उशीर होतो शुक्रवारी."

"बाबा, होईल काहीतरी."

"रिक्षाने जातो मी," ते म्हणाले. "तू फक्त नंबर लावून ठेव. आणि डॉक्टरला सांग, मोठ्याने बोलायला."

समोरची रांग हलली. प्राचीने नंबर लावते म्हटलं, आणि ते त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं.